ताईच्या अंगठ्याला जमणारी डबी

लिफ्टचा मिस्त्री ज्या इमारतीत राहायचा तिला लिफ्ट नव्हती. तीन मजले, बासष्ट पायऱ्या. यावर करता येतील तेवढे विनोद शेजाऱ्यांनी गेल्या बावीस वर्षांत करून संपवले होते. आता संध्याकाळी तो कठड्याला धरून वर येताना दिसला की कोणी हसतही नसे. नुसतं "आलात?" म्हणत. तो "आलो" म्हणे आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवी.

वय सत्तावन्न, गुडघे सत्तरीचे. अकरा इमारतींमधल्या चौदा लिफ्ट त्याच्याकडे होत्या. लिफ्ट बंद पडली की रहिवासी चिडून जिना चढतात, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळ्यात जास्त हाल आपलेच. त्याच जिन्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एक माणूस सगळ्यांच्या वर, गच्चीतल्या मशीनच्या खोलीपर्यंत चाललेला असतो, तो कुणाच्या हिशेबात नसतो. वाटेत भेटणारे त्याला एवढंच विचारतात, "किती वेळ लागेल?" पस्तीस वर्षांत त्याला लोकांनी विचारलेला हा एकच प्रश्न. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. "बघतो."

घरी ताई असे. त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी सख्खी बहीण. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. तिचं घरामुळे राहिलं आणि त्याचं तिच्यामुळे, असं नातेवाईक म्हणत. खरं कारण विचारलं असतं तर दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. ताईने चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली, आधी एक्सचेंजमध्ये आणि मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर. तिचा आवाज हळू होता आणि शब्द सुटे. हॉस्पिटलात फोन करणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला "एक मिनिट हं, देते" एवढं ऐकूनच निम्मा धीर यायचा.

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्याला. दिवसातून तीन वेळा गोळ्या होत्या. त्यांनी चालणं सुधारलं, हात काही थांबले नाहीत. हळूहळू एकेक गोष्ट तिच्या हातून निसटत गेली. वर्तमानपत्र धरलं की अक्षरं पळायची, म्हणून वाचन गेलं. मैत्रिणींना फोन लावायला गेलं की आकडे चुकायचे आणि भलत्याच घरी वाजायचं. जन्मभर लोकांना बरोबर जागी जोडून देणाऱ्या बाईला हे फार लागलं असणार. तिने बोलून दाखवलं नाही, फोन करणं तेवढं बंद केलं. उरला टीव्ही. सकाळी आठला मिस्त्री बाहेर पडे, रात्री आठला येई. मधले बारा तास ताई आणि टीव्ही.

टीव्हीला जोडलेली जुनी डबी एका सकाळी तापून बंद पडली ती पडलीच. ज्यातून सिनेमे, मालिका, बातम्या, सगळंच यायचं ती ही डबी. टीव्ही लहान, जुना. त्याला मागे एकच खाच, आणि तिच्यात ही डबी. ती गेली म्हणजे टीव्ही नुसता काळी काच.

"बरं झालं," ताई म्हणाली. "डोळ्यांना तेवढीच विश्रांती."

दहा दिवस तिने डोळ्यांना विश्रांती दिली. दहाव्या दिवशी जेवताना ती सांगत होती, समोरच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा माणूस नोकरीवरून कमी झालेला दिसतो, सकाळी तयार होऊन निघतो आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहतो. मिस्त्रीने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. हिचं खिडकीशी किती तास बसणं होत असेल, याचा त्याला अंदाज आला.

"रविवारी डबी आणतो," तो म्हणाला.

"साधी आण. आपल्याला काय चंद्रावर जायचंय?"

शनिवारी त्याने जोडीदाराला विचारलं. जोडीदाराचं टोपणनाव बॅटरी, कारण त्याच्या टॉर्चमध्ये ती कधीच नसायची. बॅटरीला जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल मत होतं.

"मिस्त्री, स्वस्तातली घेऊ नकोस. माझ्या मेव्हण्याने घेतली. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, मग चित्र हलतं."

"ताईला काय घाई आहे?"

"ताईला नाही. तुला आहे. रात्री दमून येणार, तिथेही गोल गोल फिरणारं चक्र बघत बसणार. दिवसभर लोक तुझ्या नावाने बटणं दाबतात, घरी तू दाबत बस."

हे मिस्त्रीला पटलं. खरं तर ते आधीच पटलेलं होतं, बॅटरीने ते फक्त बोलून दाखवलं. रात्री जेवण झाल्यावर ताई रिमोट त्याच्याकडे देई आणि तो अर्धा तास एकामागून एक काहीतरी लावत, बदलत बसे. तेवढा अर्धा तास त्याचा. त्या अर्ध्या तासात कुणी त्याला किती वेळ लागेल असं विचारत नसे.

दुकानात दोन डब्या समोरासमोर लावलेल्या होत्या. विक्रेता टाय लावलेला, चाळिशीचा, उभं राहून पाय दुखत असावेत असा. एक पाय सोडवत, दुसऱ्यावर भार देत तो बोलत होता.

"ही साधी. काम सगळं करते. ही भारी. हिचा प्रोसेसर ताकदवान आहे, मेमरी तिप्पट आहे, चित्र एकदम स्वच्छ. किंमत चौपट. तुमचा टीव्ही केवढा?"

मिस्त्रीने हातांनी दाखवला.

विक्रेत्याने प्रामाणिकपणे तोंड वाकडं केलं. "मग खरं सांगू का काका, नाकापेक्षा मोती जड होईल."

मिस्त्रीने साधीचा रिमोट घेऊन बटण दाबलं. काही झालं नाही. एक, दोन... मग पडद्यावरची निवडीची चौकट एक घर सरकली. त्याने पुन्हा दाबलं आणि पुन्हा वाट पाहिली. त्याच्या खांद्यांमध्ये कुठेतरी दिवसभराचा शीण असतो तो तिथल्या तिथे जागा झाला. मग त्याने भारी डबीचा रिमोट घेतला. अंगठा हलायच्या आधी चित्र हलल्यासारखं वाटलं. सर्रकन इकडे, सर्रकन तिकडे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करून जिन्याने घरी जाणाऱ्या माणसाला कुणीतरी थेट वरच्या मजल्यावर नेऊन सोडावं, तसं वाटलं त्याला.

"ताईसाठी घेतोय," तो विक्रेत्याला म्हणाला. विक्रेत्याने काही विचारलं नव्हतं.

ताईने किंमत विचारली, त्याने निम्मी सांगितली. तरी ती म्हणाली, "वेडा आहेस तू बाबू." सत्तावन्नाव्या वर्षी त्याला बाबू म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. डबी जोडली. त्याने तिला सगळं दाखवलं, आणि दाखवताना अंगठा असा भराभर चालवला की तिच्या डोळ्यांपुढून चाळीस सिनेमे निघून गेले.

"जमेल?"

"न जमायला काय झालं?" ताई म्हणाली.

पुढचे तीन आठवडे बरे गेले. म्हणजे मिस्त्रीचे गेले. तो रात्री यायचा, जेवायचा, ताई रिमोट पुढे करायची आणि त्याचा अर्धा तास झोकात जायचा. डबी कशी आहे विचारलं की ताई म्हणायची, "छान आहे." दिवसभर काय पाहिलंस विचारलं की ती समुद्रातल्या प्राण्यांबद्दल सांगायची. आठ पायांच्या प्राण्याला तीन हृदयं असतात. एक मासा शंभर वर्षं जगतो. मिस्त्रीला वाटलं, हिला म्हातारपणी नाद लागला समुद्राचा. लागेना का. गाण्याच्या स्पर्धा आणि जुने सिनेमे एवढंच पाहणारी बाई ही. त्यांच्याबद्दल ती काहीच का बोलत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दमलेल्या माणसाला "छान आहे" एवढं उत्तर मिळालं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

एका बुधवारी एका इमारतीत वीजच नव्हती आणि दुसऱ्या ठिकाणचा सुटा भाग आला नव्हता. मिस्त्री दुपारी दोनलाच घरी आला. हवा यावी म्हणून ताई दुपारी दार थोडं उघडं ठेवी. तो शेवटच्या पायऱ्यांवर दम खात उभा होता आणि तिथून ती दिसत होती.

रिमोट तिने दोन गुडघ्यांच्या मधे घट्ट धरला होता. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने आवळलं होतं, आणि वरून अंगठा बटणावर उतरवत होती. चौकट सरकली ती एक घर नाही, चार घरं. ती मागे आणायला गेली तर पाच घरं मागे गेली. तिने पेन्सिल घेतली, रबराच्या टोकाने दाबून पाहिलं. भलतंच काहीतरी उघडलं, ते बंद करायला गेली तर दुसरं उघडलं. हे किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी तिने रिमोट उशीखाली सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळाने डबीने आपल्या मनानेच काहीतरी लावलं. निळं पाणी, त्यात एक मासा.

मिस्त्री आवाज न करता एक मजला खाली उतरला, आणि खोकत, पिशवी कठड्याला आपटत पुन्हा वर आला.

"लवकर आलास?" ताई म्हणाली. "बघ, हा मासा रंग बदलतो."

त्या संध्याकाळी त्याने शिकवणी घेतली. वायरींवर लावायची लाल चिकटपट्टी काढून नेमक्या बटणावर छोटासा तुकडा लावला, म्हणजे चूक व्हायला नको.

"हे बघ ताई, फक्त लाल. एकदाच दाबायचं. हलकेच."

"हलकेच दाबतेय."

"तीनदा दाबलंस."

"एकदा दाबलं."

"अगं तीन घरं पुढे गेलं ते. समोर दिसतंय."

"ते त्याला विचार. मी एकदाच दाबलं."

"अंगठा उचलायचा ना लगेच."

"उचलला."

"कुठे उचलला? टेकलाय अजून."

असं पाऊण तास चाललं. मिस्त्री सकाळी चौदा मजले चढून उतरलेला, पोटात भूक, आणि तोंडून ते वाक्य गेलं. "लक्ष देऊन केलंस तर जमेल, ताई."

ताईने रिमोट टेबलावर ठेवला. हात कापत असल्यामुळे तो ठेवताना टकटक वाजला. "साठ-साठ लाइनी लुकलुकायच्या एका वेळी," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "कुणाचा बाप आत मरतोय, कुणाला मुलगी झालीय, सगळ्यांना बरोबर जागी दिलं मी. लक्षाचं मला नको सांगूस, बाबू." आणि ती जेवण गरम करायला गेली.

दोन दिवस घरात बोलणं झालं ते मीठ-पाण्यापुरतं. मिस्त्रीला वाटत होतं, आजार वाढतोय. डॉक्टरांकडे न्यायला हवं, गोळी बदलायला हवी, दुपारी कुणीतरी येऊन बसायला हवं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावं का, दिवसातून दोनदा येऊन लावून देतील. पण ताई असं कुणाला टीव्ही लावून द्या म्हणेल, हे त्याला डोळ्यांपुढे आणता येईना.

शुक्रवारी एका सात मजली इमारतीतून तक्रार आली. सोसायटीचे सेक्रेटरी खाली वाटच पाहत उभे होते.

"दार बंद व्हायला आठ सेकंद घेतं तुमचं. आठ. सकाळी ऑफिसच्या वेळेला माणूस वेडा होतो. चारवर आणा."

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

त्याने आकडा चारवर आणला आणि सवयीने जिन्याकडे वळला.

"आता कुठे निघालात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. आजींना बोलावतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन चालत. मिस्त्रीच्या हाती काम देणारा म्हातारा उस्ताद केव्हाच गेला होता. त्याने पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवली होती. दाराचा वेळ आपल्या पायांनी मोजायचा नाही. आपण मिस्त्री लोक सरावाने आत-बाहेर करतो, आपल्याला दोन सेकंदही पुरतात. इमारतीतलं सगळ्यात हळू चालणारं माणूस शोधायचं, त्याला हाक मारायची, आत-बाहेर करायला लावायचं, आणि मग आकडा टाकायचा. मिस्त्रीने आजवर एकही दार या चाचणीशिवाय सोडलं नव्हतं. बॅटरी त्याला हसायचा, पण आता तोही तसंच करायचा.

आजी आल्या. वॉकर आधी टाकला, मग एक पाय. चार सेकंद झाले आणि दार वॉकरला येऊन लागलं.

"घाई झालीय वाटतं याला," आजी दाराला म्हणाल्या.

सहावर दार खांद्याला घासलं. सातवर आजी निवांत आत गेल्या, वळल्या, आणि बाहेर आल्या.

"सात," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे काय?" सेक्रेटरी म्हणाले. "एका बाईसाठी चाळीस माणसांनी ताटकळायचं?"

बॅटरी पिशवी आवरत होता, तो म्हणाला, "साहेब, तीन सेकंद जास्त. तुम्हाला तक्रार सांगायलाच वीस मिनिटं लागली."

सेक्रेटरी निघून गेले. आजीही गेल्या. बॅटरी बाहेर चहा सांगायला गेला. मिस्त्री मात्र तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. दुकानातला तो रविवार त्याला आठवत होता. दोन डब्या, दोन रिमोट, आणि दोन्ही रिमोटांवर एकच अंगठा. त्याचा. पक्क्या बोटांचा, पस्तीस वर्षं स्क्रू आणि तारा हाताळलेला, एकदा दाबला की एकदाच दाबणारा. ज्या माणसाला ती डबी दिवसाचे बारा तास वापरायची होती ते माणूस तेव्हा घरी खिडकीशी बसलं होतं. त्याला हाक मारायचं मिस्त्रीला सुचलं नव्हतं. परक्याच्या इमारतीत न चुकणारा नियम त्याने आपल्या घरात मोडला होता, तोही अर्ध्या तासाच्या चैनीसाठी, आणि वर ताईला लक्ष द्यायला सांगितलं होतं.

बॅटरीने बाहेरून दोनदा हाक मारली, तेव्हा तो उठला.

रात्री त्याने ताईशेजारी बसून काही न बोलता फक्त तिचा अंगठा पाहिला. ती खरंच एकदा दाबत होती. पण टेकलेला अंगठा जागेवर थरथरायचा, टक-टक-टक. आणि भारी डबी इतकी तल्लख, की तिने त्यातली एकही टक सोडली नाही. तीन म्हणजे तीन. हुशार पोरासारखं तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्या दुकानात जायचंय," तो म्हणाला. "तू पण ये."

"मी कशाला? बासष्ट पायऱ्या."

"मोजल्यास तू?"

"जन्मभर मोजतेय."

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी काढली. ताईने ठेवणीतले कपडे घातले. उतरायला बारा मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर थांबून. दुकानात शिरताना तिने उजवा हात कोपरापर्यंत पिशवीच्या पट्ट्यात गुंडाळून घेतला, कुणाला दिसू नये म्हणून.

टायवाला विक्रेता होता. भारी डबी उघडलेली, वापरलेली, ती परत घेता येणार नाही असं त्याने आधीच सांगितलं.

"परत करायला नाही आलो," मिस्त्री म्हणाला. "त्यात बटणाचा वेळ लांबवायची काही सोय आहे का? म्हणजे एकदा दाबलं की सेकंदभर दुसरं ऐकायचं नाही असं?"

विक्रेत्याने असला प्रश्न कधी ऐकला नव्हता. त्याने शोधलं, आतल्या माणसाला विचारून आला. "नाही काका. पण काकूंना बटणं दाबायचीच कशाला? हे बटण धरून बोलायचं. नाव सांगा, लगेच लागतं."

ताईने हात पट्ट्यातून सोडवला. बटण धरलं आणि एका जुन्या सिनेमाचं नाव घेतलं. नाव पुरं व्हायच्या आत अंगठा निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला.

"जरा मोठ्याने बोला, काकू."

"मोठ्याने बोलायची मला सवय नाही," ताई म्हणाली. "आमच्याकडे मोठ्याने बोलणारीला समज मिळायची."

"बरं, ती साधी लावा," मिस्त्री म्हणाला.

विक्रेत्याने साधीचा रिमोट दिला, जरा ओशाळूनच. "ही हळू आहे हं. आणि मधलं-मधलं ऐकत नाही. लोक तेच घेऊन भांडायला येतात, दहादा दाबलं तर दोनदा ऐकते म्हणून."

ताईने अंगठा ठेवला. टक-टक-टक. डबीने पहिली टक घेतली आणि तिच्यातच गुंतून पडली. मागच्या दोन टकांना तिने दाद दिली नाही. एक, दोन... चौकट सरकली. एकच घर.

ताईने मिस्त्रीकडे पाहिलं नाही. पुन्हा अंगठा ठेवला. एक घर. पुन्हा. ओळीच्या टोकापर्यंत गेली, तिथून खालच्या ओळीत उतरली, आणि एकेक घर मागे येत एका जुन्या सिनेमाच्या चित्रावर थांबली. दोन गिऱ्हाइकं मागे ताटकळत होती. विक्रेता एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. मिस्त्री डब्यांच्या रांगेला टेकून उभा राहिला. त्याने कुणाला जागा दिली नाही.

सिनेमा उघडायला बराच वेळ लागला. उघडला.

"हा मी चार वेळा पाहिलाय," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मिस्त्रीने तिच्या हातून रिमोट घेतला आणि एकदा स्वतः दाबून पाहिला. तो थांबणारा क्षण आला, आणि खांद्यांमधला शीण ओळखीच्या माणसासारखा पुढे आला. हे आता रोज रात्री. तीन आठवडे मिळालेली ती सर्रकन जाणारी चौकट संपली.

ताई त्याच्याकडे पाहत होती. "तुला चालेल का रे? तुला ते भरभर लागतं."

"मला काय. मी बसल्या बसल्या झोपतो."

"घोरतोस पण."

"हीच द्या," मिस्त्री विक्रेत्याला म्हणाला.

भारी डबी बॅटरीने निम्म्या किमतीत घेतली. घेताना म्हणाला, "सांगितलं होतं ना, भारी घे. माझ्या उपयोगी आली की नाही?"

मंगळवारी मिस्त्रीचा दिवस वाईट गेला. एका लिफ्टमध्ये दोन माणसं पाऊण तास अडकली होती. त्यांना काढलं, तर त्यांनी आभार मानायच्या आधी त्याची आईमाई काढली. रात्री साडेआठला तो दारात आला तेव्हा घरात गाणं चालू होतं. ताई नेहमीसारखी उठली नाही.

"आलास? पाणी घे हातानेच. दोघीच उरल्यात आता, आणि ती हिरव्या कपड्यांतली हरणार बघ. आवाज आहे, पण घाबरते."

त्याने बूट काढले, पाणी प्यायला आणि तिच्याशेजारी बसला. हिरव्या कपड्यांतली हरली. ताईने "म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं आणि पुढचा भाग लावायला अंगठा ठेवला. चौकट जागची हलली नाही. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. मिस्त्रीचा हात आपोआप रिमोटकडे गेला.

ताईने रिमोट दुसऱ्या बाजूला घेतला. "दाबलंय मी. येईल."

चक्र फिरत राहिलं. मिस्त्रीने पाय पुढे टेबलाखाली लांब केले, गुडघे वाजले.

"तुला लावायचंय का काही तुझं?" तिने विचारलं. "विचारतेय हं. देईनच असं नाही."

मिस्त्रीने खरोखर विचार केला. आपल्याला काय पाहायचं आहे, हे त्याला आठवेना. इतकी वर्षं त्या अर्ध्या तासात त्याने पाहिलं असं काहीच नव्हतं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला होता फक्त.

"नाही," तो म्हणाला. "तुझंच चालू दे. ती हिरवी परत येते का पुढे?"

"येते ना. रडते आधी, मग येते."

चित्र यायला अजून वेळ होता. दोघं बसून राहिली.